मांजर ढकलणारा हात

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता मी झुयाला टोपलीत घालून इस्पितळाच्या दारात उभी राहते आणि दर गुरुवारी दरवान मला विचारतो, "टोपलीत काय आहे?"

सहा वर्षं झाली. तोच दरवान, तीच टोपली, तेच मांजर.

"मांजर आहे."

"मांजराला आत सोडत नाहीत."

"हिला सोडतात. कागद बघ."

मग तो कागद बघतो. लसीकरणाची वही, जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र, आजाऱ्यांकडे जनावरं नेणाऱ्या आमच्या संस्थेचं पत्र, इस्पितळाच्या संचालकांची परवानगी. चार कागद, सात शिक्के. मी चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून शिक्के मारले आहेत. त्यामुळे मला बरोबर कळतं की तो वाचत नाही, शिक्के मोजतो. सात भरले की फाटक उघडतो.

वर तिसऱ्या मजल्यावर सिस्टर झागोर्का. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकानं बुटांवर प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या चढवायच्या, हा तिचा नियम. पहिल्या वर्षी एकदा तिनं माझ्या हातात सहा पिशव्या ठेवल्या. दोन माझ्या आणि चार झुयाच्या.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "पाय आहेत ना तिला?"

"घाला तुम्हीच," मी म्हटलं.

तिनं प्रयत्न केला. पुढचे पंधरा दिवस तिच्या मनगटावर पट्टी होती. तेव्हापासून झुयाचे पाय ओल्या फडक्यानं पुसले की काम भागतं.

हे सगळं मी अशासाठी सांगते की माझ्यात उपजत सहनशक्ती नाही, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. ती झुयात आहे. पिवळी, सहा किलोंची, बाजारात बटाट्यांच्या पोत्यांखाली सापडलेली. लोकांना वाटतं, असं मांजर फार प्रेमळ असणार. कसलं आलंय प्रेमळ! तिला कुणाचं काही पडलेलं नसतं. ती कुणाची कीव करत नाही, आणि महिनोन्महिने कीव सोसलेल्या माणसांना तेच बरं वाटतं. ती पलंगावर चढते, ऊबदार जागा शोधते, आडवी होते. पाऊण तासानं तिची शेपटी आपटायला लागली की आम्ही निघतो. आमच्या कामाचे नियम थोडेच आहेत: मांजराला कुणी ओढायचं नाही, कुणी ढकलायचं नाही आणि तिचे कान मागे गेले की भेट संपली.

तर फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात झिवादिन आला.

झिवादिनला आमच्या गावात कोण ओळखत नाही? बाजाराच्या रस्त्यावर चाळीस वर्षं त्याचं मटणाचं दुकान. ताडमाड देह, घमेल्याएवढे पंजे. आणि मांजरांचा पक्का वैरी. दुकानाच्या पायरीपाशी तो पाण्याची बादली भरून ठेवायचा, ती खास मांजरांसाठी. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि एका रात्रीत त्याची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली होती, पण शिव्या मात्र स्पष्ट यायच्या.

"विदा, हिला इथून हलव," मला बघताच तो म्हणाला. "हिच्या जातीनं माझ्या दुकानातून किती काळीज पळवलंय, ठाऊक आहे तुला?"

"हिनं नाही पळवलं. ही उकडलेली कोंबडी खाते."

"सगळ्या सारख्याच."

मी त्याच्या पलंगापासून दूर जाणारच होते. जो नको म्हणतो त्याच्याकडे जायचं नाही, हाही नियमच. पण झुयाला कोण सांगणार? गरम पाण्याचा रेडिएटर त्याच्या उजव्या हाताला होता. तिनं उडी मारली आणि त्याचा तो मेलेला हात आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत ऐसपैस पसरली. झिवादिनच्या डाव्या हातात त्याच्या बायकोनं, पेर्सिदानं, घरून आणलेल्या कॉफीचा पेला होता, काठोकाठ भरलेला. तो खाली ठेवायला जागा नव्हती.

"हुश्! हुश् म्हणतो ना! पेर्सिदा, काढ हिला!"

आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर खरखरली.

दारात डॉक्टर तियाना उभी होती. तरुण पोर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आख्ख्या मजल्याला मिळून एक फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे अर्धं काम हिच्याच गळ्यात. ती जागच्या जागी थबकली.

"परत," ती म्हणाली. "झिवादिनकाका, परत हाकला तिला."

त्यानं परत हाकललं. परत दोन बोटं हलली.

डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "विदाताई, आठवडाभर मी या माणसापुढे डोकं फोडतेय. व्यायाम म्हटलं की म्हणतो, कसरती करायला मी काय सर्कशीत आहे? आज पहिल्यांदा हात हलला. तुम्ही दर गुरुवारी याच पलंगावर या. जमलं तर सोमवारीही या. त्याला ढकलू दे तिला."

माझं डोकंच फिरलं. "माझं मांजर म्हणजे काय धोपटायची गादी आहे? चार कागद आहेत माझ्याकडे, सात शिक्के. एकावर तरी लिहिलंय का, की पेशंटांनी हिला ढकलावं?"

"ऐकून तर घ्या. दीड-दोन महिन्यांनी कमिटी येईल. हात-पाय सुधारताहेत असं दिसलं, तर ती त्याला बान्याला पाठवेल."

बान्या म्हणजे डोंगरातल्या गरम झऱ्यांवरचं सरकारी उपचारगृह. तिथून माणसं काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी घरी येतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

"आणि नाही दिसलं तर?"

"तर पलंग रिकामा करायचा. पेर्सिदाकाकूंना तो उचलवणार नाही. मग वृद्धाश्रम. जवळच्या आश्रमात जागा नाही, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला मिळेल. तिथे बसून राहील भिंतीकडे बघत."

मी आत नजर टाकली. पेर्सिदा त्याच्या हनुवटीवरची कॉफी पुसत होती. सत्तरीची, मूठभर बाई. त्यांचं घर दुकानाच्या वर, सतरा पायऱ्या चढून. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालेली. या बाईनं त्या डोंगराला कसं उचलायचं?

"एक दिवस," मी डॉक्टरला म्हटलं. "हिचे कान मागे गेले की मी निघाले. मग मला बोलवायचं नाही."

कान मागे गेले नाहीत. झुयाला ढकलणं म्हणजे झोका वाटला की काय कोण जाणे. तो बोटांनी तिला रेटायचा, ती दोन इंच सरकायची आणि तिथेच पसरायची. तो परत रेटायचा. पेर्सिदा दर वेळी कॉफीचा पेला त्याच्या डाव्या हातात काठोकाठ भरून द्यायची. त्या बाईला न सांगता सगळं कळलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कोपर हललं. चौथ्यात त्यानं झुयाला पलंगाच्या कडेपर्यंत नेलं, आणि तो रागानं इतका लाल झाला होता की सिस्टर झागोर्का रक्तदाब मोजायला धावली. पाचव्यात झुया धपकन खाली पडली. वॉर्डातल्या चारी पेशंटांनी टाळ्या वाजवल्या, झिवादिन विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत राहिला, आणि झुया उडी मारून परत त्याच्या काखेत.

"निर्लज्ज आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या संगतीत आहे बघा ना."

सहाव्या आठवड्यापासून ढकलणं जरा मंदावलं. हात तिच्या पाठीवर जायचा आणि तिथेच राहायचा.

"काय करताय?" मी विचारलं.

"ढकलतोय."

"हलत तर नाही ती."

"जड झालीय. तू फार खायला घालतेस."

सातव्या आठवड्यात मी त्याला तिच्या कानामागे खाजवताना पकडलं. त्याच उजव्या हाताच्या तर्जनीनं. त्यानं हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पिसू बघत होतो." मला हसू आवरेना. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून इतकं कशाचंच समाधान वाटलं नव्हतं. तोवर त्याचा हात खांद्यापर्यंत वर जात होता. पायही गादीवर दुमडत होता. डॉक्टर तियानानं सगळं तारीखवार फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं.

मग मंगळवारी तिचा फोन आला.

"विदाताई, कमिटी या गुरुवारीच येतेय. मला सकाळपासून तातडीच्या विभागात ड्यूटी लावलीय, मी वर येऊच शकणार नाही. तुम्ही उद्या जाऊन त्यांना सांगाल ना, तयार राहा म्हणून? आणि गुरुवारी झुयाला नक्की आणा. ती असली की हात आपोआप उठतो."

बुधवारी दुपारी मी गेले. झिवादिन जेवत होता, पेर्सिदा भरवत होती. मी म्हटलं, "उद्या कमिटी येणार आहे. तयार राहा."

हेच शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी नंतर हजार वेळा आठवून पाहिले आहेत.

"कमिटी?" त्याचे डोळे चमकले. "कमिटीपुढे कसं वागायचं ते तू मला शिकवू नकोस, विदा. पेर्सिदा, कुमला फोन लाव."

कुम म्हणजे लग्नातला साक्षीदार, पोरांची नावं ठरवणारा, सख्ख्या भावाहून वरचा. त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. झिवादिनचा कुम रादिशा. मला वाटलं, आनंदाची बातमी कळवतोय. माझी साडेतीनची बस होती. मी निघाले.

गुरुवारी दरवानानं सात शिक्के मोजले. सिस्टर झागोर्कानं झुयाचे पाय स्वतःच्या हातांनी पुसले, तेही दोनदा, कारण जिल्ह्याहून मोठी माणसं येणार होती. वॉर्डात फिनेलचा वास भरला होता. झिवादिन उताणा पडला होता. दाढी केलेली नाही, केस विस्कटलेले, तोंड एका बाजूला जरा जास्तच वाकडं.

"काय झालं?" मी घाबरून पेर्सिदाला विचारलं. "रात्री परत झटका आला का?"

"शू!" तिनं मला कोपऱ्यात ओढलं. इतकी खूश मी तिला त्या दोन महिन्यांत पाहिली नव्हती. "काही नाही झालेलं. कुम येऊन गेला काल. दोन तास बसला. सगळं पढवून ठेवलंय. दाढी करू दिली नाही, सकाळी जेवू दिलं नाही. तू काळजीच करू नकोस विदा, आज तो बोटसुद्धा हलवणार नाही."

मला आधी काही कळलंच नाही. आणि मग कळलं.

आमच्याकडे कमिटी म्हटलं की एकच गोष्ट. कमिटी अपंगत्वाचं पेन्शन देते, कमिटी सांभाळणाऱ्याचा भत्ता देते, आणि देते कुणाला? मरायला टेकलेल्याला. त्यामुळे या देशात लहान पोरालाही ठाऊक आहे की कमिटीपुढे जाताना धडधाकट माणसानं लंगडायचं आणि लंगड्यानं आडवं पडायचं. माझ्या आईला मी स्वतः दोन दिवस बोलू नकोस म्हणून बजावून नेलं होतं. आणि हा रादिशा म्हणजे कमिट्यांचा पैलवान. तीन वेळा कमिटीपुढे गेला, तिन्ही वेळा जिंकला, आणि आता पाठीच्या पेन्शनवर द्राक्षांचा मळा खोदतो. असा उंटावरचा शहाणा उशाशी बसवल्यावर दुसरं काय होणार?

"अगं, ही ती कमिटी नाही!" मी म्हटलं. "ही बरं होणाऱ्यांना बघायला येतेय! बरं होणाऱ्यालाच बान्याला पाठवतात!"

"हो का?" पेर्सिदा म्हणाली, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

तेवढ्यात दार उघडलं. तीन डॉक्टर, मागे सिस्टर झागोर्का फायलींचा गठ्ठा घेऊन. "दार लावा, दार लावा, वाऱ्याचा झोत येतोय! पेशंटची मान आखडेल!" ती ओरडली. अध्यक्ष म्हणजे सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेला साठीचा गृहस्थ. तो थेट झिवादिनच्या पलंगाशी आला. टोपलीचं झाकण उघडं होतं, झुयानं तिची नेहमीची उडी मारली आणि ती झिवादिनच्या उजव्या हातावर जाऊन पसरली.

"हे काय?"

"थेरपीचं मांजर आहे, सर," सिस्टर म्हणाली. "कागद आहेत."

"बरं. काका, उजवा हात वर करा बघू."

झिवादिन छताकडे बघत राहिला.

"झिवादिन!" मी ओरडले. "हात वर करा! ही पेन्शनची कमिटी नाही. बान्याची आहे! हात वर करा, ढकला तिला!"

त्यानं डोळे माझ्याकडे वळवले. आणि त्या तिघांना दिसणार नाही अशा बेतानं मला डोळा मारला.

मेल्याला वाटलं, मी नाटक करतेय! कुमनं त्याला हेही सांगून ठेवलं होतं की घरचं कुणीतरी ओरडायला, रडायला हवं, त्यानं खरं वाटतं. मी जितकं ओरडत होते तितका तो माझ्यावर खूश होत होता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "देवाशपथ सांगते, हलवा हात." त्यानं जीभ बाहेर लोंबवली.

पेर्सिदाला आता कळलं होतं. ती पुढे आली. "झिवादिन, अहो, विदा खरं सांगतेय, वर करा..." आणि ती रडायला लागली. ते रडणं शंभर टक्के खरं होतं. झिवादिननं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

"बाई, तुम्ही पेशंटवर ओरडू नका," अध्यक्ष मला म्हणाला. "त्याला त्रास होतोय."

"त्याला काहीच त्रास होत नाहीये! कालपर्यंत खांद्यापर्यंत हात वर जात होता! फाइल बघा, डॉक्टर तियानानं लिहिलंय."

"फायलीत सगळेच चांगलं लिहितात." त्यानं झुयाला अलगद बाजूला सारलं, झिवादिनच्या उजव्या हाताचं बोट धरलं, आणि पेनाच्या टोकानं नखावर दाबलं. जोरात. झिवादिनच्या कपाळावर घाम फुटला, मानेची शीर टरारली, पण हात मेल्यासारखा पडून राहिला. चाळीस वर्षं सुरीशी खेळलेला माणूस. तेवढं सोसायला त्याला काय लागतं? दुसऱ्या डॉक्टरनं तळव्यावर किल्ली ओढली, पायाला टोचलं. काही नाही.

झुया परत येऊन त्याच्या हातावर पडली आणि तिनं डोकं त्याच्या पंजात खुपसलं. तेवढ्यात त्याची तर्जनी किंचित वाकली. मी बघितली. "ते बघा!" मी किंचाळले. अध्यक्षानं खाली पाहिलं तोवर बोट सरळ झालं होतं.

"मांजर हललं," तो म्हणाला, आणि त्यानं फाइलवर चार ओळी लिहून शिक्का मारला.

मी त्याच्या मागे व्हरांड्यात धावले. निळ्या पिशव्यांवरून घसरले, भिंतीला धरून उभी राहिले, परत धावले. "डॉक्टर, तो सोंग करतोय. त्याला वाटलं, ही भत्त्याची कमिटी आहे. पाच मिनिटांसाठी परत या. मी हात जोडते."

तो थांबला. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागेल. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

"बाई, वीस वर्षं मी कमिट्यांवर आहे. मेल्याची सोंगं मी इतकी पाहिलीत की मोजदाद नाही. पण त्यात काहीतरी मिळायचं असतं. आजारी दिसून इथे त्याला मिळणार काय? उलट मिळायचं तेही जाणार. असं सोंग कोण घेईल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दोनदा दिलं, आणि दोन्ही वेळा ते माझ्याच कानांना खोटं वाटलं.

"अपील करा," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत अर्ज, साठ दिवसांत उत्तर."

"आणि तोवर?"

"पलंग तर सोमवारीच दुसऱ्याला लागणार आहे."

मी खाली तातडीच्या विभागात गेले. डॉक्टर तियाना एका अपघाताच्या पेशंटवर वाकली होती, हातमोज्यांना रक्त. काचेतून तिनं माझ्याकडे पाहिलं, अंगठा वर करून विचारलं, झालं का? मी नकारार्थी मान हलवली. तिनं डोळे मिटले आणि परत कामाला लागली.

वर आले तर झिवादिन उशीला टेकून बसला होता. पेर्सिदा खुर्चीत, जेवणाची पिशवी मांडीवर, नुसती बसलेली. तिनं त्याला अजून सांगितलं नव्हतं. सांगवलं नसेल. तो उजव्या हातानं झुयाला डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरवाळत होता. सरळ, लांब, एकसारखा हात. सात आठवड्यांत इतका चांगला हात त्यानं कधी फिरवला नव्हता.

"काय, विदा!" तो मला बघून म्हणाला. "कशी जिरवली? नखावर दाबलं त्यानं, पण हूं की चूं केलं नाही. आणि तू काय ओरडलीस गं! नाटकात जायचं सोडून पोस्टात कशाला गेलीस?"

मला नुसता संताप आला होता. कुणावर संताप, तेच ठरत नव्हतं. त्या रादिशावर, चष्मेवाल्यावर, या बैलावर, की या देशावर, जिथे आजारी दिसणं हाच धंदा करून ठेवलाय. शेवटी मी त्याच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. कमिटी कसली होती, काय लिहिलं, सोमवारी काय होणार. आवाज चढवला नाही. चढवून झाला होता.

त्याचा हात झुयाच्या पाठीवर थांबला.

त्यानं पेर्सिदाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मग म्हणाला, "तू सांगायचंस ना, विदा. कुठली कमिटी ते."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. चौतीस वर्षं मी खिडकीतून लोकांवर खेकसत आले, अर्ज कसला आहे ते नीट सांगा, नुसतं अर्ज अर्ज काय करताय? आणि त्या बुधवारी मला चार शब्द जास्तीचे बोलायचं सुचलं नाही. माझी बस होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही.

"त्या तिथे," त्यानं विचारलं, "त्या आश्रमात मांजर येऊ देतात?"

"नाही."

"बरं."

झुयाची शेपटी आपटायला लागली. पाऊण तास कधीच उलटून गेला होता. मी तिला उचललं, टोपलीत ठेवलं, झाकण लावलं. अपील मी लिहीन, डॉक्टरची सही घेईन, असं काहीबाही पेर्सिदाला सांगितलं, आणि उठले.

उठता येईना. झिवादिननं माझ्या कोटाची बाही धरली होती. उजव्या हातानं.

"सोडा," मी म्हटलं. "झिवादिन, माझी बस आहे."

तो माझ्याकडे बघतही नव्हता, टोपलीकडे बघत होता. मी हात ओढून पाहिला. एकेक बोट उकलायचा प्रयत्न केला, एक सुटलं की दुसरं परत आवळायचं. पेर्सिदानं दोन्ही हात लावले, तरी मूठ उघडेना. शेवटी आम्हाला सिस्टर झागोर्काला हाक मारावी लागली.